पात्राच्या अंगावर आपण काय लिहिता? : मराठी मालिका, नाटके आणि चित्रपटांच्या लेखकांना खुले पत्र

मराठी मालिका, नाटके आणि चित्रपट लिहिणाऱ्या सर्व लेखक-लेखिकांस,

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिलेल्या पात्रांना कपडे घालणाऱ्या लोकांपैकी मी एक आहे. नाटकाच्या कपडेपटात मी काम शिकले आणि पुढे मालिकांकडे आले. आपण पात्रपरिचयात एक ओळ लिहिता आणि त्या ओळीची साडी, टिकली, चप्पल आणि चेहऱ्यावरचा रंग तयार करण्याचे काम आम्ही वेशभूषा व रंगभूषा करणारी माणसे करतो. ही ओळ आमच्या हाती येते तेव्हा ती बहुधा अशी असते : 'सखू. मोलकरीण. सावळी, विटकी साडी, विस्कटलेले केस.' किंवा, 'आबासाहेब. गावचे पुढारी. पांढरे कपडे, टोपी, झुपकेदार मिशा, नजर वाईट.' या ओळींविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. ज्या समाजाने या खुणांना अर्थ दिला, तो समाज त्या अर्थापासून पुष्कळ दूर गेला आहे. आपल्या ओळी मात्र जिथल्या तिथे आहेत, आणि त्यामुळे आपण लिहिलेली माणसे खोटी दिसू लागली आहेत.

खुणांशिवाय काम चालत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. मालिकेचा भाग जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा असतो, प्रेक्षक एकीकडे पोळ्या लाटत किंवा मुलांचा अभ्यास घेत पाहत असतो, आणि दारातून आत आलेला माणूस कोण हे त्याला पहिल्या क्षणी कळावे लागते. ही गरज आजची नाही. मोरपिसांची टोपी दिसली की वासुदेव आला, अंगावर आसूड ओढणारा दिसला की पोतराज आला, हे लहान मूलही ओळखत असे, आणि एकनाथांच्या भारुडांनी या ओळखीचाच आधार घेऊन मोठा आशय लोकांपर्यंत नेला. पण वासुदेवाची टोपी त्याचा व्यवसाय सांगत होती. तो भला की बुरा, हुशार की मूर्ख, हे ती सांगत नव्हती. आपल्या पात्रपरिचयांत मात्र खूण माणसाचा स्वभावच सांगून मोकळी होते, आणि मग त्याच्या वागण्यातून काही सांगण्याचे लेखकाचे काम संपल्यासारखे होते.

गांधी टोपीचे पाहा. १९२०च्या असहकार चळवळीत ती महाराष्ट्रभर पसरली आणि डोक्यावर टोपी घालणे म्हणजे सरकारी रोष ओढवून घेण्याची तयारी दाखवणे झाले. स्वातंत्र्यानंतर तीच टोपी सत्तेवर जाऊन बसली, आणि सत्तरच्या दशकातील मराठी पडद्याने साखरसम्राट, सरपंच आणि मंत्री यांच्या डोक्यावर ती इतक्या वेळा ठेवली की टोपीचा अर्थ लबाडी असा झाला. त्या काळच्या राजकारणावर ती रास्त टीका होती, आणि ती करणाऱ्या लेखकांचे व नटांचे मोल मी कमी करत नाही. पण २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात हजारो तरुणांनी, ज्यांच्या आजोबांनीसुद्धा टोपी सोडून दिली होती, ती पुन्हा डोक्यावर चढवली आणि भ्रष्टाचाराविरुद्धची खूण म्हणून मिरवली. या सगळ्या काळात मुंबईचा डबेवाला आणि पंढरीचा वारकरी ती निमूटपणे घालतच होते. आजच्या प्रेक्षकांत हे सर्व अर्थ एकाच वेळी जागे आहेत. अशा वेळी 'टोपी घातलेला पुढारी' एवढ्याने कोणाचेच वर्णन होत नाही. प्रत्यक्षातला आजचा तरुण पुढारी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि महागडे बूट घालतो, आणि त्याच्या हातातील दोन फोनांपैकी कोणता फोन तो स्वतः उचलतो यावरून त्याची प्रतिष्ठा ठरते. हे गावातील प्रत्येकाला माहीत आहे. ते लिहिलेले मात्र क्वचितच आढळते.

नऊवारीचेही असेच झाले. दोन पिढ्यांपूर्वी ती आजीचे रोजचे वस्त्र होती, मग ती 'जुन्या वळणाची बाई' दाखवण्यासाठी वापरली जाऊ लागली, आणि आता डोंबिवलीतून सुरू होऊन गावोगाव पोचलेल्या नववर्ष स्वागतयात्रांत मुली शिवलेली नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर बसतात. गोव्यात कुणबी साडी हे शेतात राबणाऱ्या बाईचे वस्त्र मानले जाई; फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिचे पुनरुज्जीवन हाती घेतल्यावर तेच तांबडे चौकटीचे कापड शहरी समारंभांत मानाने नेसले जाऊ लागले. वस्त्र तेच राहिले, पण नेसणारी आणि पाहणारी दोघी बदलल्या. 'नऊवारी नेसलेली' असे आपण लिहिता तेव्हा ती कोणती नऊवारी, कोणत्या समाजाची, किती लांबीवर नेसलेली आणि ती तिने का नेसली आहे, हे आम्हाला कोणी सांगत नाही. कोळी नेसण, ब्राह्मणी नेसण आणि लावणीची नेसण यांतला फरक आम्हाला कळतो. त्यातली कोणती आपल्या मनात आहे, हे आम्हाला कसे कळावे?

शेतकऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. आमच्याकडे अजूनही शेतकऱ्यासाठी धोतर, मुंडासे आणि खांद्यावर घोंगडे मागितले जाते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांना साऱ्या महाराष्ट्राने पाहिले : लाल टोप्या, साधे शर्ट, नायलॉनच्या साड्या आणि फोड येऊन सोललेले तळपाय. त्या छायाचित्रांत जे होते ते कोणत्याही कपडेपटाच्या कपाटात सापडत नाही, कारण ते कोणी मागतच नाही.

आतापर्यंत मी ज्या खुणांविषयी लिहिले त्या माणूस सकाळी उठून अंगावर घालतो आणि रात्री उतरवतो. काळ बदलला की त्यांचा अर्थ बदलतो आणि लेखकाने तो बदल टिपला की काम भागते. याहून अवघड प्रश्न आहे तो माणसाने स्वतः न निवडलेल्या खुणांचा. कातडीचा रंग, चेहऱ्यावरचा व्रण, लंगडा पाय, शरीराचे वजन या गोष्टी माणसाला जन्माने, आजाराने किंवा अपघाताने मिळतात, आणि त्यांना स्वभावाचा अर्थ चिकटवणे हे जुन्या समाजाने केलेले अन्यायाचे काम आहे. याच वर्गात आणखी एक प्रकार येतो : इतरांनी सक्तीने अंगावर चढवलेल्या खुणा. त्यांचा इतिहास महाराष्ट्राला तरी समजावून सांगावा लागू नये.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे जमलेल्या स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याची जी पद्धत तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखू देते ती सोडा, गळ्यातील जाड गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे चांदीचे वा कथलाचे गोट काढून टाका, कारण ही तुमची जात दुरून ओळखण्याची निशाणी आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. कपड्याच्या एका घडीत किती मोठी व्यवस्था बसलेली असते, हे त्यांनी नेमके ओळखले होते, आणि त्या स्त्रियांनाही ते तत्काळ पटले. आपली नेसण त्यांनी बदलली. या घटनेला आता शतक होत आले. तरीही 'वस्तीतली बाई' म्हटल्यावर आमच्याकडे गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे, चांदीचे ठसठशीत दागिने आणि काळवंडलेला चेहरा मागितला जातो. ज्या खुणा त्या स्त्रियांनी ठरवून, किंमत मोजून टाकून दिल्या, त्या आपण त्यांच्या नातींच्या आणि पणतींच्या अंगावर पुन्हा चढवतो आहोत. बाबासाहेबांच्या बहुतेक पुतळ्यांवर सूट का असतो, याचा विचार ज्याने केला आहे त्याला यातली चूक सांगण्याची गरज नाही.

चेहरा काळवंडण्याबद्दल मला स्पष्टच लिहावे लागेल. 'डी-ग्लॅम लूक' या नावाखाली गोऱ्या अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर दोन शेड गडद बेस लावला जातो, मान आणि हातही रंगवले जातात, आणि ती गरीब, खेडवळ किंवा दुर्दैवी आहे असे मानले जाते. कथेत तिचे भाग्य उजळले की बेसही उजळतो. सावळ्या मुलीची व्यथा सांगणाऱ्या कथांतसुद्धा मूळच्या सावळ्या मुलीला काम मिळत नाही, याचे मला अतोनात दुःख होते, कारण अशा अभिनेत्री प्रायोगिक रंगभूमीवर आणि राज्य नाट्य स्पर्धेत मी नेहमी पाहते. समाज या बाबतीत पूर्ण बदलला असे मी म्हणणार नाही. स्थळे पाहताना 'गोरी, नाकी-डोळी नीटस' ही जोडी अजून ऐकू येते. पण हालचाल नक्की झाली आहे. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमला २०२० मध्ये आपल्या नावातून गोरेपणा दर्शवणारा शब्द काढावा लागला, आणि त्याच वर्षी विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाला कातडीच्या रंगानुसार स्थळे चाळण्याची सोय बंद करावी लागली. हे व्यापारी कोणी समाजसुधारक नव्हेत. त्यांना ग्राहकाची नजर बदललेली दिसली. प्रेक्षकाची नजरही तीच, बदललेली आहे, आणि ती आपल्याही घरात आहे.

व्रणांचा इतिहास तर फारच बोलका आहे. जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांत 'तोंडावर देवीचे व्रण' असे लिहिले की माणूस उग्र किंवा क्रूर आहे असे सुचवले जाई. त्या काळी देवीचे व्रण घराघरांत असत, त्यामुळे वाचक निदान ताडून पाहू शकत होता की आपला काकाही व्रणांचा आहे आणि तो क्रूर नाही. देवीचा आजार भारतातून १९७५ नंतर नाहीसा झाला. आज तिशीतल्या प्रेक्षकाने असा चेहरा जवळून पाहिलेलाच नसतो. त्याला चेहऱ्यावरचा मोठा व्रण दिसला की अॅसिड हल्ल्यातून वाचलेली मुलगी आठवते, कारण अॅसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले ते अशाच एका मुलीच्या याचिकेवरून, आणि त्या मुलींनी चेहरा न झाकता लोकांसमोर उभे राहण्याचे धैर्य दाखवले. खलनायकाच्या गालावर भाजल्याचा डाग काढण्याची सूचना येते तेव्हा मला प्रथम त्या मुलींचे घर दिसते, जिथे टीव्ही चालू आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये जाहीर केले की चेहऱ्यावरचे व्रण हीच ज्यांच्या खलनायकाची ओळख आहे अशा चित्रपटांना ती पैसे देणार नाही. आपल्याकडे असा निर्णय कोणी लादावा असे मी म्हणत नाही; लेखकांनी स्वतः ठरवले तर त्याची गरजही पडणार नाही.

गौळणीतला पेंद्या लंगडत, बोबडे बोलत येतो आणि लोक हसतात, ही आपली जुनी परंपरा आहे. त्या परंपरेत पेंद्या कृष्णाचा लाडका सखाही आहे, आणि वात्रट पण निर्मळ बोलण्याचा मान त्याला आहे, हे विसरून आपण फक्त त्याचे लंगडणे उचलले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना दृश्यमाध्यमांतील अपंगत्वाच्या चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. अपंगत्व समजून घेणारा विनोद आणि अपंग व्यक्तीला हीन ठरवणारा विनोद यांत त्या निकालाने फरक केला, आणि अशा चित्रणात अपंग व्यक्तींचा स्वतःचा सहभाग असावा यावर भर दिला. कुबडी मागवण्यापूर्वी कुबडी वापरणाऱ्या एका माणसाशी बोलणे, एवढे तरी आपल्याला अशक्य नाही. कोणत्या कुबडीने काखेत घट्टे पडतात आणि म्हणून शर्ट कुठे फाटतो, हे तोच सांगेल, आणि तो फाटलेला शर्ट खरा असेल.

विधवेच्या वेशाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. एके काळी रंगमंचावर लाल आलवण, म्हणजे विधवेला नेसावे लागणारे लाल लुगडे, आणि मुंडन केलेले डोके दिसले की प्रेक्षकाला सारे कळत असे. १८९०च्या सुमारास मुंबईच्या नाभिकांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, आणि पुढच्या काही पिढ्यांत ती प्रथा गेली. आज तरुण प्रेक्षकाला ते आलवण ओळखतासुद्धा येणार नाही. खूण मरते ती अशी, आणि ती मेली याचा आनंद मानावा. पण तिच्या जागी आपण फिकट साडी, मोकळे कपाळ आणि उघडा गळा ही नवी खूण आणून बसवली. पतीच्या मृत्यूच्या भागात बांगड्या फुटण्याचे आणि कुंकू पुसण्याचे दृश्य आजही संथ गतीने, संगीतासह दाखवले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या सर्व प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका गावाने जे धाडस केले, ते लाखो घरांत पोचणाऱ्या आपल्या लेखणीला का जमू नये? जिथे ही प्रथा अजून आहे तिथे ती अवश्य दाखवा, पण मग बांगडी कोणी फोडली, कोणाचा हात पुढे आला आणि कोणाचा मागे सरला, हेही लिहा. पुढच्या भागापासून तिला फिकट साडीत घालून टाकले की ती प्रथा आपणही पाळली असा त्याचा अर्थ होतो. माझ्या ओळखीच्या विधवा स्त्रिया टिकली लावतात, काही लावत नाहीत, एक फक्त बाहेरगावी गेल्यावर लावते. या तिसरीविषयी आपण लिहिलेत तर तिची टिकली मी किती काळजीने निवडीन हे सांगता येत नाही.

धर्माच्या खुणांतही हीच घाई दिसते. मुसलमान पात्र म्हटले की सुरमा, जाळीची टोपी आणि हिरवा रंग. ख्रिस्ती पात्र म्हटले की हातात बाटली आणि तुटके मराठी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि कोकणी बोलणारी मुसलमान कुटुंबे आहेत, आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ज्या भाषेने एका ख्रिस्ती धर्मगुरूला आपल्या सर्वोच्च साहित्यिक व्यासपीठावर बसवले, त्या भाषेतल्या मालिकेत ख्रिस्ती माणूस अजून झिंगलेलाच यावा, हे मला सहन होत नाही.

आता एक वेगळी काळजी. गेल्या काही वर्षांत यातील काही टीका आपल्यापर्यंत पोचली आहे, आणि त्यातून दोन नव्या सवयी लागल्या आहेत. एक म्हणजे नवी ठरावीक खूण : 'स्वतंत्र विचारांची स्त्री' असे लिहिले की हातमागाची साडी, ऑक्सिडाइज्ड दागिने, ठळक टिकली आणि खांद्यावर झोळी. पूर्वी स्त्रीचे आखूड केस तिला बिघडलेली ठरवत, आता ते तिला शहाणी ठरवतात; दोन्ही वेळा बाईने तोंड उघडण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. दुसरी सवय अधिक घातक आहे. कोणाला राग येऊ नये म्हणून सगळ्याच खुणा पुसल्या जातात. मग पात्राला गाव नसते, जात नसते, धंदा नसतो, सगळे एकाच दुकानातले मऊ रंगांचे कपडे घालतात, आणि गिरणगावातल्या चाळीत वाढलेला माणूस आणि पुण्याच्या पेठेतला माणूस यांत भेद उरत नाही. मी मागते आहे ते याच्या नेमके उलट आहे. मला खुणा अधिक हव्या आहेत, पण त्या समूहाच्या नकोत, त्या एका माणसाच्या हव्यात.

सखूचीच ओळ पुन्हा लिहून पाहू. 'सखू, वय ४२, चार घरची कामे करते. सकाळी सहाला निघते म्हणून साडीवर स्वेटर, तो मालकिणीच्या मुलाचा, बाह्या दुमडलेल्या. पायात रबरी चप्पल, कारण पाण्यात काम. चांगली चप्पल पिशवीत, ती घरी परतताना घालते. मोबाइलचे कव्हर मुलीने निवडलेले. पगार झाला की केसांना मेंदी.' यात सखूच्या रंगाचा उल्लेख नाही आणि विटक्या साडीचाही नाही, तरी तिची परिस्थिती, तिचा दिवस आणि तिचा स्वाभिमान आमच्यापर्यंत पोचतो. एवढी ओळ लिहायला आपल्याला फार वेळ लागणार नाही. आम्हाला मात्र त्यातून दिवसभराचे काम मिळते, आणि अभिनेत्रीला त्या दुसऱ्या चपलेत पाय घालताना काय करायचे ते कळते.

वेळेची अडचण मला ठाऊक आहे. रोजच्या मालिकेचे संवाद कित्येकदा त्याच सकाळी सेटवर पोचतात, वाहिनीकडून रात्री उशिरा बदल येतात, आणि अशा घाईत हात आपोआप जुन्या कपाटाकडे जातो. म्हणूनच माझी विनंती घाईच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे. पात्रे ठरत असतात, पहिला पात्रपरिचय लिहिला जातो आणि पहिले वाचन होते, त्या वेळी वेशभूषा आणि रंगभूषा करणारी माणसे खोलीत नसतात. आमच्यापर्यंत लूक टेस्टच्या आदल्या दिवशी एक यादी येते. त्या पहिल्या वाचनाला आम्हाला बोलवा. पात्र सावळे असेल तर त्या रंगाची अभिनेत्री निवडावी हे तिथेच ठरू द्या, म्हणजे बेसच्या शेडची चर्चा करावी लागणार नाही. आपण लिहिलेल्या प्रत्येक शारीरिक विशेषणासमोर, ते पात्राने निवडले आहे, त्याला मिळाले आहे की इतरांनी त्याच्यावर लादले आहे, एवढी एक खूण करून आम्हाला पाठवा. बाकी प्रश्न आम्ही विचारू. कपाटातले जुने लुगडे कोणाचे, ते कोण नेसत असे आणि ते तिने का सोडले, हे सांगू शकणाऱ्या कारागीर बायका प्रत्येक कपडेपटात अजून काम करत आहेत, आणि त्यांना आजवर कोणी हे विचारलेले नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कपडेपटात काम करणारी एक वेशभूषाकार